दहा ग्रॅम पानं

प्रयोगशाळेत त्याला सगळे पाचोळेकाका म्हणायचे. रानातला पाचोळा किती वेगानं कुजतो, हे मोजण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. जाळीच्या पिशवीत दहा ग्रॅम वाळकी पानं भरायची, झाडाखाली ठेवायची आणि तीन वर्षांनी उरलेली तोलायची. निम्म्या पिशव्या टेकडीपलीकडच्या रानात, निम्म्या कारखान्याच्या धुराड्याखाली.

पिशव्या घरी बायको शिवायची. "जग कचरा टाकतं, तुम्ही जपता," म्हणायची. "आमच्या बाबांना वाटलं, पोरगी शास्त्रज्ञाच्या घरी पडली." दोरीची गाठ अशी मारायची की याला दातांनीही सुटू नये. कात्री घेतली की हात धरायची. "कापता काय? सोडवा की. घाई कुणाला आहे?"

घाई तिच्या छातीला होती. घर धुराड्याच्याच वाऱ्यावर. शेवटची खेप तिनं खोकत खोकत शिवली, पानंही तिनंच भरली, आणि पुढच्या हिवाळ्यात गेली.

आता त्या खेपेच्या शेवटच्या दोन पिशव्या काढायच्या होत्या. टेकडीपलीकडच्या पिशवीत चार शिरा आणि बुरशीचे पांढरे धागे तेवढे निघाले. धुराड्याखालची उघडायचीही गरज नव्हती, जाळीतूनच दिसत होतं. धुरातलं जे मातीवर बसतं त्यानं बुरशी मरते, आणि बुरशीवाचून पान कुजत नाही, हे तो आल्यागेल्याला सांगत आला होता. आज तेच हातात होतं. तिनं चिमटीनं एकावर एक रचलेली पानं, तशीच्या तशी. तिला ज्यानं नेलं, त्यानंच ती राखली होती.

तोलून झाल्यावर पानं भट्टीत जाळायची असतात. चिकटलेली माती किती, ते राखेवरून कळतं.

"मॅडम," तो प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हणाला, "एक पिशवी सापडली नाही असं लिहिलं तर?"

मॅडमनी गाठीकडे पाहिलं. "लिहा काका. कोल्ह्यानं नेली म्हणा. नेतोच की दोन-तीन."

"बाकीच्या नेल्यात त्यानं. धुराड्याकडची ही एवढीच उरली. हीही गेली तर वहीत काय लिहायचं?"

घरून आणलेला पत्र्याचा डबा त्याच्या पायाशी होता. कात्री समोर होती. ती बाजूला सारून तो नखांनी गाठ उकलत बसला. दुपार उलटली तेव्हा ती सुटली.

नऊ पूर्णांक दोन. त्यानं वहीत लिहिलं.

"भट्टीत मी ठेवू का?" मॅडमनी विचारलं.

"नको. माझ्या हातानंच होऊ दे."

राख तोलली, तीही लिहिली. मग रिकामी जाळी घडी घालून डब्यात ठेवली आणि दोरीला पहिल्यासारखी गाठ मारू लागला. दोनदा मारली, दोनदा सुटली. सव्वीस वर्षांत ती कशी मारायची, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.