सतरा नंबरचा माल

अर्जदार: निवृत्त तपासनीस, तयार माल विभाग, काचसामान कारखाना. तपासनीस क्रमांक: सतरा. सेवा: एकतीस वर्षे दोन महिने. शरीरयष्टी: मध्यम, मान किंचित उजवीकडे कललेली (सेवेमुळे). दृष्टी: उत्तम, चष्मा नाही. छंद: नाही. चुकीने मंजूर केलेले नग: शून्य.

शेवटचा रकाना मूळ अर्जात नव्हता. तो अर्जदाराने पट्टी घेऊन स्वतः आखला होता.

निवृत्त कामगारांचं मंडळ सभासदांच्या माहितीची पुस्तिका छापणार होतं. अर्ज आज संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता. भिंगरावांनी तो चार दिवस आधीच भरला होता. सही तेवढी राहिली होती, आणि तीही अशासाठी की त्या शून्याकडे आणखी चार दिवस बघता यावं.

भिंगराव हे त्यांचं कारखान्यातलं बारसं. भट्टीतून निघून थंड झालेला माल पट्ट्यावरून त्यांच्यासमोर येई. ते एकेक नग ट्यूबलाइटपुढे धरून त्याला गिरकी देत. बुडबुडा, लाट, तिरका काठ, डुगडुगतं बूड, काहीही दिसलं की नग लोखंडी पिंपात, खळ्ळकन. पास झालेल्याच्या बुडावर बारीकसा सतरा कोरला जाई. "आपला आकडा म्हणजे आपली जबान," असं ते सांगत, आणि ऐकणारा उठून जाईपर्यंत सांगत.

अशा माणसाच्या घरात दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने एका फुलदाणीला सोनेरी रंग फासला.

त्या दिवशी भिंगराव पिशवी हातात घेऊन गॅलरीच्या दारातच खिळले होते. खाली वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर पालथी फुलदाणी, आणि बाई स्प्रेचा डबा खुळखुळवत उभ्या.

"अगं, हे काय चाललंय तुझं?"

"दिसत नाही का? रंगवतेय."

"काच? आरपार दिसावं म्हणून माणसं भट्टीपुढे अंग भाजून घेतात, आणि तू तिला गिलावा करतेस?"

"आरपार काय दिसतं हो? मागची भिंत. तिच्यापेक्षा सोनं बरं."

कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून बाई अशा वस्तू आणू लागल्या. साबणाने धुवायच्या, स्पिरिटने पुसायच्या, काठाला चिकटपट्टी लावायची, हातभर अंतरावरून पातळ थर द्यायचा आणि तो वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. जाड मारला की ओघळ येतात. दोन वर्षांत घरभर अकरा वस्तू झाल्या. पाच सोनेरी, चार काळ्या, दोन कसल्याशा निळ्या. पाहुणे "अगंबाई, किती छान!" म्हणत आणि भिंगराव उठून आतल्या खोलीत जात. रंगवलेल्या काचेला बोट लावणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, आणि त्यांच्या इतर प्रतिज्ञांच्या मानाने ही टिकलीही होती.

ती आज दुपारी तीन वाजता मोडली.

अर्ज घेऊन ते खुर्चीत बसले होते. खिडकीतून आलेलं तिरकं ऊन समोरच्या टेबलावरच्या सोनेरी फुलदाणीवर पडलं होतं. भिंगराव बघत राहिले. मग उठले. सोन्यावरून उजेडाची जी सरळ रेघ उतरायला हवी होती, ती मध्येच पाण्यातल्या काठीसारखी वाकली होती. लाट! पारदर्शक काचेत ती लपली असती. रंगाने उघडी पाडली होती. भिंगराव मनातल्या मनात खूश झाले. कुठल्या आंधळ्याने ही पास केली, म्हणत त्यांनी फुलदाणी उचलली, पालथी केली आणि सवयीने अंगठा बुडावरून फिरवला.

अंगठा थांबला.

रंगाच्या थराखाली एक उभी रेघ होती, आणि तिच्या शेजारी सात.

पण एकतीस वर्षांची सवय एका नगावर थांबत नाही. त्यांनी दुसरी वस्तू पालथी केली. सतरा. काळी बरणी: सतरा, वर काठ तिरका. निळा वाडगा: सतरा, आणि ठेवला की डुगडुगतो. अकराही वस्तूंवर सतराच निघाला.

"अगं ए!"

बाई ओले हात पुसत आल्या. अकरा वस्तू जमिनीवर पालथ्या पाहून तिथेच थांबल्या.

"हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना तुमचं?"

"तुला माहीत होतं?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पहिली मिळाली तेव्हा दुकानवाली म्हणाली, काकू, सतरा नंबरची असेल तर निम्म्या किमतीत न्या. तो माल डुलतो."

"डुलतो?"

"तिला काय ठाऊक सतरा कोण ते. मी म्हटलं, असेल एखादी चुकून. मग दुसरी दिसली. मग मी बघतच राहिले. मिळेल ती आणली आणि आकडा झाकला. काळ्याला दोन थर पुरतात, सोनेरीला तीन लागतात."

भिंगरावांनी पालथ्या वस्तूंवरून पुन्हा अंगठा फिरवला. या साऱ्या घाटांचा माल त्यांच्या शेवटच्या तीन वर्षांत निघाला होता. तेवढं त्यांना अंगठ्यानेच सांगितलं होतं.

"तेव्हा माझे डोळे चांगले होते," शेवटी ते म्हणाले.

"तेव्हाच तुम्ही पेपर वाचणं सोडलंत. बातम्यांत दम राहिला नाही म्हणालात."

"नव्हताच."

"आणि सुईत दोरा?"

"सुया बारीक यायला लागल्या होत्या."

भिंगरावांनी निळा वाडगा उचलला आणि पिंप शोधावं तशी चौफेर नजर फिरवली.

"खबरदार! दोन वर्षं खपलेय मी त्यांच्यावर. तुमच्या हातून सुटल्या त्या सुटल्या, माझ्या हातून फुटायच्या नाहीत."

वाडगा खाली आला.

"राहू द्या ते शून्य," बाई हळूच म्हणाल्या. "कोण पालथं घालून बघतंय? रंग दिलाय ना वरून."

भिंगरावांनी अर्ज उचलला. सवयीने खिडकीकडे धरला, हात लांब केला, मग आणखी लांब. खोट असलेला नग हातात आल्यावर त्याचं काय करायचं, याबद्दल त्यांना एकतीस वर्षांत कधी विचार करावा लागला नव्हता.

"पेन दे," ते म्हणाले. "नाही, तूच लिही. मला रकाना सापडत नाहीये."

बाईंनी लिहिलं: अकरा (आजअखेर). "छंद: नाही" ही ओळ त्यांनी न विचारता खोडून तिथे "रंगकाम (पत्नी)" असं केलं. भिंगरावांनी दाखवलेल्या जागेवर सही केली. मग जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून निळ्या वाडग्याच्या बुडाखाली सरकवला, बोटाने टिचकी मारून पाहिली, आणखी एक घडी घातली. वाडगा डुलायचा थांबला.

अर्ज पावणेपाचला मंडळात पोचला. कारकुनाने शेवटचा रकाना छापील नमुन्यात बसत नाही म्हणून गाळला. "दृष्टी: उत्तम" हे तसंच छापून आलं.

पुढे डोळे तपासले, तेव्हा चष्म्याचा जवळचा नंबर अडीच निघाला.