जर्मनीतला पट्टा

तेलगावात माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जर्मनीची वकिली करायला मला कुणी नेमलेलं नाही. तरी गेलं वर्षभर रोज त्या देशाची बाजू मलाच लढवावी लागते, कारण माझी मुलगी तिथे यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काम शिकायला गेली आहे.

तिचं जायचं ठरलं तेव्हापासूनच डोक्याला ताप सुरू झाला. आमच्या भागात कारखान्याला जाणं म्हणजे ऊस तोडायला जाणं, आणि तोडीला जोडी लागते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. त्यामुळे चुलते म्हणाले, "एकटीला कसं घेतील रं ते? आदी लगीन लावून दे तिचं." मी सांगितलं, तिथे तीन वर्षं शिकवतात आणि शिकताना पगारही देतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "टोळी नेणारा मुकादम कोण हाय?" मी हात टेकले.

मग तिचे फोन येऊ लागले. पहिले कित्येक आठवडे ती एकच काम करत होती. लोखंडाचा तुकडा पकडीत आवळायचा आणि कानस मारायची. मग त्याला काटकोनी गुण्या लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. शिकवणारा रागावत नाही, नुसता तुकडा परत देतो. ऐकून माझंच डोकं फिरलं. सातासमुद्रापार पोरगी पाठवली ती कानस घासायला?

"पप्पा, सपाट काय असतं ते आदी हाताला कळावं लागतं," ती म्हणाली. "मग मशीनवर घेतात."

मी फोन आपटला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात हेच कौतुकानं सांगत बसलो.

ऐकायला आमचं नेहमीचं गिऱ्हाईक होतं. "जर्मनीचं काय खरं न्हाई आता," तो म्हणाला. "चीननं मारलं त्यान्ला. मोबाईलवर बगा, लई कारखाने बंद पडायलेत." हे सांगताना त्याच्या मांडीवर फुटलेलं बेअरिंग होतं, माझं न ऐकता नेलेलं डुप्लिकेट. मी चिडलो. म्हटलं, गाड्यांचा धंदा अवघड झाला असेल, वीज महागली असेल. पण दुसऱ्यांचे कारखाने ज्या यंत्रांवर चालतात ती यंत्रं बनवून घ्यायची तर अजून त्यांच्याकडेच जावं लागतं, कारण त्यांची माणसं कानस मारून शिकलेली असतात. त्यानं मान डोलावली.

"बरं, दुसरं लोकल हाय का यातलं?" त्यानं बेअरिंग पुढे करत विचारलं.

घरी वडील. जन्मभर ऊस तोडलेला माणूस. त्यांचा प्रश्न एकच, "तिथला पट्टा कवा पडतो?" पट्टा पडतो म्हणजे गाळप संपून साखर कारखाना बंद होतो, आणि टोळ्या गावाकडे परततात. मी त्यांना हजारदा सांगितलं की तो कारखाना बारमाही चालतो. त्यांना ते पटतच नाही. दोन दिवस गेले की पुन्हा तेच.

परवा ते गिऱ्हाईक घरी आलं आणि चहा पिता पिता जर्मनीच्या बातम्या सांगू लागलं. वडील सरसावून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला.

"बंद पडायलेत? मंग पोरगी येईल की घरी."

गिऱ्हाईकानं मोबाईल खिशात घातला. मी कपबशा उचलल्या.

संध्याकाळी मी मुलीला सरळच विचारलं, तुमच्या कारखान्याचं खरं काय आहे ते सांग. ती हसली. "पप्पा, इथं काम लई हाय, माणसंच न्हाईत. माझ्या मागनं शिकायला पोरंच येत न्हाईत, अन् जुने सगळे रिटायर व्हायलेत. शिकून झालं की मला कायमचं ठेवून घेणार म्हणतात."

ज्यासाठी मी वर्षभर सगळ्यांशी भांडलो तेच झालं होतं. मला आनंद झाला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. आता भांडायला कुणी समोर नव्हतं.

फोन ठेवला तर वडील दारात उभे होते. "काय म्हनली? पट्टा कवा पडतो?"

"पाडव्याच्या आसपास पडंल," मी म्हणालो.

कुठल्या वर्षीच्या, ते त्यांनी विचारलं नाही.