झिजलेलं आडनाव

माझ्या पोरीचं लग्न एका आडनावावर अडलं होतं, आणि ते आडनाव आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलगा तिच्याच कंपनीतला, चिकलठाण्याचा. घर पाहिलं, माणसं बरी वाटली, दोघांचं मन जुळलेलं होतं. सुपारी फोडायची ठरली तेव्हा माझे थोरले दीर बोलले. आमचं आताचं आडनाव मूळचं नाही, म्हणाले. त्यांच्या आज्याला पोरवयात वैजापूरकडचं गाव सोडून इकडं यावं लागलं, तेव्हा लोक त्याला गावाच्या नावानं हाक मारू लागले आणि पुढं शाळेत तेच लागलं. मूळचं आडनाव मुलाच्या घरचंच होतं, असं त्यांनी लहानपणी आज्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटत होतं. तसं असेल तर दोन्ही घरं एका भावकीतली. मग पोरगा-पोरगी भाऊ-बहीण लागतात आणि सोयरीक होत नाही.

ऐकल्यासारखं, एवढंच. पण त्या दिवसापासून मला जेवण जाईना. दीर खोड काढणारे असते तर मी मनावर घेतलं नसतं. माझे मालक गेले तेव्हा पोरगी अंगणवाडीत होती. तिची शाळा, कॉलेज, आजारपण, सगळं त्यांनीच पाहिलं. त्यांना शंका आली म्हणजे त्यात काहीतरी असणार, अशी मला भीती वाटली.

आमच्याकडं थोरल्या दिरासमोर बाई तोंड उघडत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि सांगायचं ते मधल्या माणसाकडून. मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. एकाच खोलीत बसून ते पोरीला म्हणायचे, तुझ्या आईला विचार, गॅसची टाकी आली का. मी पोरीला सांगायची, आली म्हणून. लहान असताना ती म्हणायची, मी घरातली पोस्टमन आहे, मला आधी चहा द्या.

पैठणला नदीकाठी उपाध्यायांकडं वह्या असतात. घरात कुणी वारलं की लोक तिथं विधीला जातात, आणि उपाध्याय त्या घराचं आडनाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव लिहून ठेवतात. दिरांच्या पणजोबांची नोंद तिथं असणार, म्हणून आम्ही तिघं एसटीनं गेलो. वाटेत दिरांनी शेंगदाणे घेऊन पोरीला दिले. तुझ्या आईला पण दे, म्हणाले.

उपाध्याय खूप म्हातारे होते. त्यांनी लाल फडक्यातली लांबट वही सोडली. आतलं सगळं मोडीत. माझी चौथी झाली आहे, पण ते अक्षर बघून एकच दोरा कुणीतरी न तोडता शिवत गेल्यासारखं वाटलं. त्यांनी गाव काढलं, मग पान. पणजोबांचं नाव जुळलं, त्यांच्या बापाचं जुळलं. वर मथळ्याला आडनाव होतं, आणि तिथं नुसता तपकिरी डाग.

त्यांनी वही खिडकीशी नेली, भिंग लावलं. पोरीनं मोबाईलवर फोटो काढून मोठा करून दाखवला. शेवटचं अक्षर तेवढं लागलं. त्या अक्षरावर संपणारी आडनावं आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत. मुलाचंही त्यातलंच.

दिरांनी विचारलं, पाणी लागलं का वाळवी.

"वाळवी कशाची," उपाध्याय म्हणाले. "तुमच्याच माणसांनी पुसलंय."

माणसं नदीत आंघोळ करून ओल्या हातानं यायची. वाचता कुणाला येत नसे. उपाध्याय मथळ्यावर बोट ठेवून दाखवायचे, हे तुमचं घराणं. मग एकेक जण तिथं बोट टेकवून कपाळाला लावायचा. बापानंतर लेक, लेकानंतर नातू. दीरही त्यांच्या वडिलांबरोबर येऊन गेले होते. ते आपल्या बोटाकडं बघत राहिले.

खाली एक गोल काढलेला होता. बाजूच्या नोंदींखाली नांगर होते. मी पोरीच्या कानात विचारलं, तिनं मोठ्यानं विचारलं. सही न येणाऱ्यांची निशाणी, उपाध्याय म्हणाले. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. म्हणजे नवऱ्याचं नाव लिहवून घ्यायला ही बाई स्वतः आली होती. पोरं लहान असतील.

मी त्या गोलाकडं बघत होते तेव्हा दीर पोरीला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, हे नाय जमायचं. शंका आली तिथंच संपलं."

"अहो, त्या समोरच बसल्यात की," उपाध्याय म्हणाले.

 पोरगी मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिली. माझ्यापर्यंत निरोप आणायचा तिनं पहिल्यांदाच टाळला होता. मी वाट पाहिली. मग माझा मलाच आवाज आला.

"दादा, जे तिथं दिसतच नाही, त्याच्यापायी पोरीला बसवून ठेवू का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वहीकडं बघत म्हणाले, "आन दिसलं असतं तर?"

मधे पोरीचं नाव न घेता त्यांनी मला विचारलेली ती पहिली गोष्ट.

"तर मीच नको म्हटलं असतं."

 उठताना सवयीनं दिरांचा हात त्या डागावर गेला आणि कपाळाला लागला. पोरगीही वाकली. मी तिचं मनगट धरलं.

लग्न झालं. दीर आले, पंगतीला बसले, अक्षता टाकल्या. कन्यादानाला मात्र उभे राहिले नाहीत. माझ्या भावानं आणि वहिनीनं केलं. त्यानंतर त्यांचे निरोपही बंद झाले. गॅसची टाकी आली का, हे विचारणारं कुणी राहिलं नाही.

आता पोरगी पोटुशी आहे. डॉक्टरीण म्हणते सगळं ठीक आहे. मी डॉक्टरणीच्या तोंडाकडं बघत बसते. दोन्ही घरं एकच निघाली तर बाळाला काही होतं का, हे तिला विचारायचं माझ्या ओठावर येतं. पण जावई शेजारी बसलेला असतो. तो मला आई म्हणतो. घरी येऊन मी पोरीला फोनमधला वहीचा तो फोटो उघडायला लावते. ती म्हणते, कितीदा बघशील, डागच आहे तो.

परवा तिच्या फोनवर दिरांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला. "तुझ्या आईला विचार, डोहाळजेवण कुठं करणार," ते म्हणाले.

 घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी मी पदर डोक्यावर घेतला आणि पोरीच्या हाताजवळ तोंड नेलं.

"इथंच, दादा. तुम्ही या."

तिकडं कुणीतरी भांडी लावत होतं, तेवढाच आवाज येत राहिला.  मग फोन बंद झाला.