उलट्या गाठींची द्राक्षं

नव्या कापडाच्या खळीचा वास आला की नाशिकच्या शाळेतला शिवणाचा तास आठवतो आणि अजून डोकं तापतं. मी डावखुरी. गाठीचा टाका शिकवताना बाई म्हणाल्या, "डाव्या हाताचं काम मी बघणार नाही." मग मैत्रिणीला समोर बसवून, आरशात पाहावं तसा, मी तो डाव्यानंच शिकले आणि रुमालावर द्राक्षांचा घड भरला. बाईंनी तो न बघताच कपाटात टाकला. प्रदर्शनात मात्र काचेखाली तोच, चिठ्ठीवर बाईंचं नाव. हार घातलेले पाहुणे वाकून "वा, वा" करत होते. मी म्हटलं, "गाठी बघा, उलट्या वळल्यात. मी डावखुरी आहे." बाई हसल्या, "लहान आहे हो, काहीही बोलते." पाहुण्यांनी मला थोपटलं आणि सत्काराचा नारळ बाईंना दिला. आता कुठल्याही कापडावर मी आधी माझं नाव भरते, द्राक्षं नंतर.