डाव्या बाजूची इमारत

नागपूरला सिव्हिल इंजिनियरिंग केलं, पण अमेरिकेत बांधकाम कंपनीत मला काम मिळालं ते व्हिडिओ टाकण्याचं. नवऱ्याची आयटीतली नोकरी, न्यू जर्सीत पार्सिपनीला घर, आणि माझं वर्क परमिट बरीच वर्षं रखडून शेवटी हातात आलेलं. एवढ्या गॅपनंतर इंजिनियर म्हणून मला कोणी विचारेना. सोशल मीडिया सांभाळणारी म्हणून का होईना, साइटवर हेल्मेट घालून फिरायला मिळतंय, यातच मी खूश होते.

बांधकाम बघायला लोकांना किती आवडतं हे तिथे कळलं. काँक्रीट ओतलं जाताना, क्रेनने पोलादी तुळई अलगद उचलताना हजारो लोक फोनमध्ये डोकं घालून बघायचे. साइटचा सुपरिंटेंडंट, म्हणजे तिथला मुख्य माणूस, धिप्पाड आणि हसतमुख होता. कॅमेरा दिसला की त्याच्या अंगात यायचं. "आज काय दाखवायचं?" असं तो सकाळी मलाच विचारायचा. एखादं काम व्हिडिओसाठी जरा घाईने उरकलं जातंय असं मला कधीकधी वाटायचं, पण लाइक्स बघून सगळेच खूश असायचे.

त्या वर्षी आमचं काम जवळच्याच एका गावात, मुख्य रस्त्यावर चाललं होतं. फ्लॅट्सची इमारत, खाली तळघरात पार्किंग. त्यासाठी खोल खड्डा खणला होता. खड्ड्याच्या डाव्या कडेला जुनी विटांची इमारत होती. खाली लाँड्री, वर भाडेकरू. रस्त्यापलीकडच्या खांबावर आम्ही एक कॅमेरा बसवला होता. तो दिवसभर फोटो काढायचा आणि ते जोडून मी महिन्याचं काम मिनिटभरात पळवून दाखवायचे.

या व्हिडिओंखाली एक बाई नेहमी लिहायची. प्रोफाइलवर कुत्र्याचा फोटो. सुरुवातीला तिने लिहिलं होतं, "आज माझी खिडकी दिसली!" मग काही आठवड्यांनी, "बाथरूमचं दार लागत नाहीये. अजून कोणाचं असं झालंय का?" त्याखाली लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले. त्यानंतर नुसतंच, "कोणी वाचतंय का हे?"

मी ती कमेंट आमच्या मार्केटिंग मॅनेजरला दाखवली. "हाइड कर," ती म्हणाली. "जुनी घरं आहेत, दारं फुगतात."

मी म्हटलं, आधी साइटवर विचारते.

त्याच आठवड्यात मी नवीन व्हिडिओ जोडत होते. संगीताच्या ठेक्यावर चित्रं बसवायची म्हणून तोच तुकडा पुन्हापुन्हा बघत होते. रस्त्यावरून विजेची एक तार गेली होती. व्हिडिओच्या सुरुवातीला ती लाँड्रीच्या इमारतीच्या वरच्या खिडकीच्या बाजूने, चौकटीला न शिवता जात होती. शेवटी शेवटी ती खिडकीच्या काचेवरून जात होती.

कॅमेरा हलला असेल, असं वाटलं. मग मी मागचं चर्चचं टोक बघितलं. ते तारेच्या मानाने जिथल्या तिथे होतं. रस्त्याचा दिवा तिथेच होता. फक्त ती इमारत आमच्या खड्ड्याकडे कलत होती, आणि माझ्या व्हिडिओत ती आनंदी संगीतावर कलत होती. मी आवाज बंद केला. तरी बघवेना.

सुपरिंटेंडंटने फोनवर तो तुकडा बघितला. त्याचं हसू गेलं नाही, पण त्याने तो दुसऱ्यांदा बघितला नाही. "वाऱ्याने खांब हलतो," तो म्हणाला. "तिकडे कडेला सपोर्ट आहे, इमारत सरकते का त्याचं रीडिंग घेतोय आम्ही. तू काळजी करू नको."

दुपारी मॅनेजरचा मेसेज आला. "डावी बाजू क्रॉप करून टाक."

खांब हलतो, तर मग क्रॉप कशाला? घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता, तसाच थांबला.

"तू तिथे इंजिनियर नाहीयेस यार. मार्केटिंगमध्ये आहेस."

"पण डिग्री तर आहे ना? मला दिसतंय ते."

"दिसतंय ते मान्य. पण कंपनीच्या विरोधात आपण कशाला जायचं? आपलं ग्रीन कार्ड अजून लटकलंय." मग खालच्या आवाजात, "राहतं का कोणी तिथे?"

"हो."

त्याने सुरी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लाँड्रीत गेले आणि फोनवर ते कुत्र्याच्या फोटोचं प्रोफाइल दाखवून, ही बाई वर राहते का, असं विचारलं. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, असं कळलं. साठीच्या पुढची, एकटी. माझ्या जॅकेटवरचं कंपनीचं नाव बघून तिने दार अर्धंच उघडलं. मी व्हिडिओ टाकते हे कळल्यावर मात्र चेहरा खुलला.

"छान असतात तुमचे व्हिडिओ," ती म्हणाली. "मी रोज बघते."

तिने मला बाथरूमचं दार दाखवलं. भावाने ते खालून एकदा तासून दिलं होतं, मग पुन्हा तासलं होतं, आता ते परत अडकत होतं. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग छतापर्यंत गेली होती आणि तिच्या कडा ताज्या, पांढऱ्या होत्या. खाली मशीन सुरू झालं तशी कपाटातली भांडी बारीक किणकिणायला लागली.

"कंपनीला फोन केला होता," ती म्हणाली. "ते म्हणाले, व्हिडिओखाली लिहू नका, ईमेल करा."

मी तिला न कापलेला व्हिडिओ दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी तर रोज इथेच झोपते."

तिथेच, तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्याला फोन केला. स्वतःचं नाव सांगितलं आणि व्हिडिओ पाठवला.

इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. वर गेला आणि लगेच खाली आला. दुपारपर्यंत सगळे भाडेकरू हातात पिशव्या घेऊन फुटपाथवर उभे होते, दारावर 'इमारत धोकादायक, आत जाऊ नये' असा लाल कागद लागला होता आणि आमचं काम बंद पडलं होतं. त्यानंतरचे दिवस नुसते वाट बघण्यात गेले. एका दुपारी इमारतीचा मागचा कोपरा खड्ड्यात कोसळला. आत कोणी नव्हतं. समोरच्या दुकानातून कोणीतरी ते शूट केलं, आणि आमच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा ते जास्त लोकांनी बघितलं.

मला त्याआधीच कामावरून काढलं होतं. कंपनीचं फुटेज परवानगीशिवाय बाहेर दिलं, हे कारण. नवऱ्याने दोन कप चहा केला आणि माझ्याजवळ बसला.

उरलेली इमारत पाडायची ठरली तेव्हा त्या बाईने मला बोलावलं. ती आता दुसऱ्या गावात भावाकडे राहत होती. बाकीचं सामान काढायला आत जाऊ दिलं नव्हतं. आम्ही दोघी कुंपणाबाहेर उभ्या होतो. मशीनच्या जबड्याने वरच्या मजल्याची भिंत ओढली आणि तिचं स्वयंपाकघर उघडं पडलं. ओट्यावर किटली तशीच होती. तिने माझा दंड घट्ट पकडला.

मागे बरीच गर्दी होती आणि सगळ्यांचे फोन वर होते. त्यातल्या एकाने तिच्या खांद्याला हात लावला. अगदी नम्रपणे म्हणाला, "जरा बाजूला होता का? तुम्ही फ्रेममध्ये येताय."

ती "सॉरी" म्हणाली आणि बाजूला झाली.