तलवारीला चिकटलेला लोखंडाचा कीस

उद्या खंडेनवमी, बाबा गेल्यानंतरची पहिली. म्हणून आज घरातली जुनी तलवार पुसायला घेतली. दरवर्षी पूजेआधी बाबा तिला कानस मारायचे.

पात्याला काळी पूड चिकटली होती. फुंकर मारूनही हलेना.

काका म्हणाले, "जुन्या पात्यात चुंबक भरता गो. ह्यो गेल्या वर्षीचो लोखंडाचो कीस. दादाचा नेहमीचाच! कानस दादा मारतलो, पुसूचा दुसऱ्यान. पूस, नायतर खाऱ्या वाऱ्यान गंज धरतलो."

अर्धं पातं पुसलं आणि हात थांबला. हा बाबांच्या हातचा शेवटचा कीस.

दुपारपासून चारदा फडकं उचललं, ठेवलं. एकदा तर धुवायला टाकलेलं परत काढून आणलं. पूजा सकाळी आहे.

तुम्ही उरलेलं पातं पुसलं असतं का?