स्टँडवरच्या झाडाचं बी

समजा, तुमच्या तळहातावर एक बी आहे. बी कसलं, लाकडाची बारीकशी काडी म्हणा, आणि तिच्या दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुपके. पंखा चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर बी शोधत फरशीवर रांगावं लागेल. एका पसरट डब्यात जाडसर वाळू आणि नारळाचा भुसा कालवून, ओलसर करून ठेवलाय. त्यावर बी उभं खोचायचं नाही, आडवं निजवायचं. अंगावर वाळूची चिमूट भुरभुरायची, पातळ चादर घालावी तशी. झाकण लावायचं, डबा उबेच्या जागी ठेवायचा. झालं. यापुढचं काम मात्र सगळ्यात अवघड आहे. काही करायचं नाही.

पाणीचोराला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

हे नाव तिला टॅक्सीवाल्या काकांनी दिलेलं. ती एका इस्पितळाच्या डायलिसिस विभागात टेक्निशियन होती. ज्यांच्या किडन्यांनी काम सोडलंय अशा माणसांचं रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करायचं आणि अंगात साठलेलं जादा पाणी काढून घ्यायचं, हा तिचा रोजचा धंदा. माणूस आला की आधी चपला काढून वजनकाट्यावर उभा राहायचा. मागच्या खेपेपेक्षा जेवढं वजन वाढलेलं, तेवढं पाणी पोटात गेलेलं. या माणसांना लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी लपवायला जागा नसते.

"किती प्यालात?" ती विचारायची.

"घोटभरसुद्धा नाही," काका म्हणायचे.

"मग काटा काय हवेनं हललाय?"

"काटा तुझ्याच खात्याचा गं. तुझ्याच बाजूनं बोलणार."

"काका, खरं सांगा."

"बर्फाचा एक खडा चघळला. बर्फ काय पाणी असतं होय?"

मग शेजारच्या खुर्चीवरच्या शिक्षिकाबाई, ज्यांच्या हाताला सुई टोचताना त्या स्वतःच्या वर्गातल्या मुलांना रागवावं तसं पाणीचोराला रागवायच्या, त्या खुदकन हसायच्या. काका खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसायचे, हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "लाव बाई नळ्या. घे चोरून."

काकांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली होती. आता डोळ्यांपुढे अंधारी यायची म्हणून चालवता येत नव्हती, पण मन अजून स्टँडवरच होतं. त्या स्टँडवर, खांबाच्या बुंध्याशी, तेलाच्या जुन्या डब्यात एक झाड होतं. खाली पोट फुगलेलं, वर आखूड फांद्या, आणि ऊन तापलं की लालभडक फुलं. टॅक्सीच्या मागच्या दिव्यासारखी लाल, असं काका सांगायचे. कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की ज्याच्या बाटलीत जे पाणी उरलेलं असेल ते तो डब्यात ओतून निघायचा. कधी कुणी ओतायचं, कधी कुणीच नाही. झाड त्यावर धष्टपुष्ट. काकांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. समोरच्या औषधांच्या दुकानदाराकडे तसंच एक पांढऱ्या फुलांचं झाड होतं, त्यानं सांगितलं की याला अडेनियम म्हणतात, वाळवंटातला गुलाब. त्यानंच हेही सांगितलं की शेंग धरली आहे तर दोऱ्यानं बांधून ठेवा, नाहीतर एक दिवस फुटेल आणि बिया उडून जातील.

काकांनी शेंग बांधली. त्यानंतर ते आजारी पडले. बऱ्याच दिवसांनी रिक्षा करून स्टँड बघायला गेले, तर स्टँडच नव्हता. रस्ता रुंद झाला होता. डबा खोदलेल्या मातीच्या ढिगावर उपडा पडलेला, झाड सुकून काटकी झालेलं. शेंगेवरचा दोरा तेवढा शाबूत होता.

ती शेंग ते कागदात गुंडाळून घेऊन आले आणि पाणीचोराच्या हातावर ठेवली.

"माझ्या घरात ऊन येत नाही. तुझ्याकडे गच्ची आहे ना? लाव. मला ते लाल फूल एकदा बघायचंय."

"काका, मला कोथिंबीरसुद्धा उगवता येत नाही."

"माझं रक्त धुता येतं, मग याला काय धाड भरलीय?"

घरी आईनं डबा बघितला आणि कपाळाला हात लावला. "इस्पितळ घरी आणलंस का आता?" कारण पाणीचोरानं वाळू उकळत्या पाण्यानं धुतली होती, हातमोजे घातले होते, आणि पाणी द्यायला नवी कोरी सिरिंज घेतली होती. डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवला, तिथे यंत्राची ऊब लागते म्हणून. रोज कामावर जाताना आणि आल्यावर ती झाकणातून डोकवायची. आई म्हणायची, "अंडी उबवतेयस का?"

आणि खरंच एका सकाळी वाळू फुटली. हिरवी, जाडजूड, नखाएवढी पानं जोडीजोडीनं वर आलेली. काहींच्या डोक्यावर बियांची टरफलं अजून टोपीसारखी अडकलेली. पाणीचोर तशीच, विंचरायच्या कंगव्यासकट, आईला ओढत घेऊन आली. आई चष्मा लावून वाकली, बराच वेळ बघत राहिली, आणि एवढंच म्हणाली, "अगं, यांना पोटं आहेत!" खरंच, प्रत्येक रोपाच्या बुडाशी इवलंसं गोल पोट होतं.

काकांना तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. काकांनी तो पूर्ण वेळ, यंत्र चालू असेपर्यंत, मोकळ्या हातात धरून ठेवला. शिक्षिकाबाईंनी दोनदा मागितला तरी दिला नाही.

इथून पुढे चूक झाली. आणि ती चूक तिच्यासारखीच्याच हातून होण्याजोगी होती.

दिवसभर ती लोकांना पाणी नाकारायची. कुणी ओठ ओले करायला मागितलं तर कापसाचा बोळा द्यायची. कुणी रडवेलं होऊन म्हणायचं, एकच ग्लास, कुणाला कळणार नाही. ती मान हलवून नाही म्हणायची, आणि तिचं नाही म्हणणं बरोबरच असायचं. जादा पाणी छातीत शिरलं की काय होतं ते तिनं पाहिलेलं होतं. पण घरी आल्यावर ती गच्चीत जायची, जिथे डबा आता उन्हात हलवला होता, आणि त्या छोट्या पोटांसमोर बसून सिरिंज भरायची. पुन्हा भरायची. इथे तरी नाही म्हणायला नको. वाळू वरून जराशी सुकली की तिचा जीव वरखाली व्हायचा. ती पाणी द्यायची आणि तिला दिवसभराचं ओझं उतरल्यासारखं वाटायचं.

रोपं एकेक करून आडवी पडायला लागली. देठ बुडाशी मऊ, तपकिरी, बोट लावलं की चिखल. तिला वाटलं पाणी कमी पडतंय. तिनं आणखी दिलं.

शेवटी डब्यात एकच रोप उभं राहिलं, कोपऱ्यातलं, जिथपर्यंत सिरिंजची धार नीट पोचत नव्हती.

त्या दिवशी ती काकांच्या खुर्चीपाशी नळ्या लावत होती आणि मान वर करत नव्हती. काकांनी ओळखलं.

"गेली?"

"एक राहिलंय."

"काय दिलंस त्यांना?"

"पाणी. फक्त पाणी दिलं हो, काका."

काका एवढे मोठ्यानं हसले की हात हलून यंत्रानं भोंगा वाजवला आणि पलीकडच्या सिस्टर धावत आल्या. "ऐकलंत का?" काका अख्ख्या खोलीला सांगत होते, "मला बर्फाच्या खड्यावरून बोल लावते आणि तिकडे टाक्या रित्या करते! तहानलेल्याला कोरडं ठेवते आणि ज्याला पाणी नको त्याला बुडवते!"

"हसू नका. तुमची शेंग संपली. आता एकच आहे."

तेव्हा काकांचं हसू थांबलं. त्यांनी मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "स्टँडवरचं झाड कुणी मोजून पाजलं नव्हतं गं. आमच्या लक्षात आलं तर मिळायचं. ते पोटात साठवून ठेवतं. पोट दाबून बघ. टणक असेल तर त्याची विचारपूस कर आणि निघून ये."

"आणि मऊ लागलं तर?"

"तेव्हा दे. थोडं. आणि पाणी देऊन तिथे बसू नकोस, तू बसलीस की पुन्हा देशील."

ते रोप जगलं. ती रोज त्याचं पोट दोन बोटांत धरून बघायची आणि हात मागे बांधून खाली यायची. आई म्हणायची, "चेहरा बघ, जशी कुणाला उपाशी ठेवून आलीस." तिला तसंच वाटायचं. पण पोट फुगत गेलं, देठ जाड झाला, आणि पहिल्या फांदीला पालवी आली.

मग एके दिवशी काका काट्यावर उभे राहिले ते वजनाकडे न बघताच.

"माझी धाकटी बहीण किडनी देतेय," ते म्हणाले. "लहानपणी पेन्सिलीचा तुकडा द्यायची नाही. आता म्हणते, दादा, एक घे, मला दोन कशाला."

शस्त्रक्रिया बहिणीच्या गावी होणार होती. दूरचं गाव, दुसरं इस्पितळ. जायचं लगेच ठरलं. खोलीतले सगळे एकदम बोलायला लागले, शिक्षिकाबाईंनी डोळे पुसले आणि वर म्हणाल्या की ही यंत्राची हवा डोळ्यांना लागते. पाणीचोराला आनंद झाला. तिला कागदपत्रं तयार करायची होती, तपासण्यांचे निकाल जोडायचे होते. ती सगळं नीट करत होती आणि तिचे हात नेहमीपेक्षा जास्त नीट चालत होते, जसे ते मन दुसरीकडे असताना चालतात.

शेवटच्या वेळी सुया काढून तिनं काकांच्या हातावर पट्टी दाबून धरली. रक्त थांबेपर्यंत धरावीच लागते.

"नवी किडनी बसली ना," काका म्हणाले, "की म्हणे डॉक्टरच मागे लागतात. पाणी प्या, पाणी प्या. हुकूम असतो, ऐकलंस?"

"हो. भरपूर प्यावं लागतं."

"मी पहिला ग्लास पिईन तेव्हा तुला सांगीन कसा लागला ते. काचेचा ग्लास घेईन. काठोकाठ. कुणी मोजणार नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "चवच विसरलोय गं. घोटाची आठवते. पोटभर पाण्याची नाही आठवत."

"मी फूल आलं की फोटो पाठवीन."

"लाल आहे का बघ नीट. उगाच मला बरं वाटावं म्हणून लाल म्हणू नकोस."

रक्त केव्हाच थांबलं होतं. तिनं पट्टी आणखी थोडा वेळ धरून ठेवली.

काका बहिणीच्या गावी गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत एक कॉलेजमधली मुलगी यायला लागली, कानात गाणी लावून बसणारी. चांगली होती बिचारी. पाणीचोर तिला विचारायची किती प्यालीस, मुलगी खरं सांगायची, आणि तिथेच बोलणं संपायचं.

फोन आला नाही. पाणीचोरानं थोडे दिवस जाऊ दिले, मग आणखी थोडे. शेवटी तिनं फायलीतला नंबर लावला.

"बोला, कुठून घ्यायचं?" पलीकडून एका तरुणाचा आवाज.

"काका आहेत का?"

"कोण काका? ताई, टॅक्सी हवीय ना?"

नंबर टॅक्सीच्या मागे रंगवलेला होता. गावी जाताना काकांनी टॅक्सी विकली ती फोनच्या नंबरासकट विकली होती, गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून. त्या तरुणाला काकांचा दुसरा नंबर माहीत नव्हता. "मोठे सज्जन होते," तो म्हणाला. "गाडीत पाण्याची बाटली ठेवायला छान खण करून घेतलाय त्यांनी." मग त्यानं पुन्हा विचारलं, "कुठे सोडायचं, ताई?" आणि ती म्हणाली, "कुठेच नाही."

दुसऱ्या इस्पितळालाही तिनं विचारलं. रुग्णाची माहिती फक्त नातेवाइकांना देतो, असं तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. नियम बरोबर होता. ती स्वतःही लोकांना हेच सांगायची. बरी झालेली माणसं इस्पितळाला फोन करत नाहीत, हे नोकरीनं तिला शिकवलं होतं. बरी न झालेलीही करत नाहीत.

रोपाला कळी आली तेव्हा आईनंच गच्चीवरून हाक मारली. "ये गं लवकर, तुझ्या पेशंटला बघ!" कळी फुटायला दिवस घेत होती. पाणीचोर रोज सकाळी वर जाऊन तिच्या टोकाशी रंग शोधायची. आणि एका सकाळी फूल उमललं. लाल नव्हतं. मधे पांढरं, कडांना गुलाबी, जसं कुणी लाल रंगाचा ब्रश धुतलेल्या पाण्यात कागद बुडवून काढलाय.

ती बघत बसली. मग तिला काकांनी सांगितलेलं औषधांच्या दुकानदाराचं पांढऱ्या फुलांचं झाड आठवलं. म्हणजे कुठलातरी किडा, भर रहदारीत, स्टँडवरून दुकानाकडे आणि दुकानाकडून स्टँडवर पायांना पराग लावून ये-जा करत होता, आणि टॅक्सीत बसून गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या काकांना त्याचा पत्ता नव्हता. हे त्यांना सांगायला हवं होतं. ते केवढे हसले असते. यंत्राचा भोंगा वाजला असता.

"छान आहे की," आई म्हणाली. "लाल नसलं म्हणून काय झालं?"

"त्यांनी खोटं सांगू नको म्हटलं होतं."

"मग खरं सांग."

"कुणाला?"

आईनं फक्त सिरिंज पुढे केली. पाणीचोरानं दोन बोटांनी पोट दाबलं. टणक होतं. तिनं सिरिंज परत दिली आणि फोटो काढला, सावली पडू नये म्हणून बाजूला सरकून, रंग आहे तसाच यावा म्हणून दोन-तीन वेळा काढला. तो फोटो अजून तिच्या मोबाइलमध्ये आहे. टॅक्सीच्या नंबरावर पाठवून उपयोग नाही हे माहीत असूनही एकदा पाठवला. तरुणानं हात जोडलेलं चित्र उलट पाठवलं.

आता ती कामावर जायच्या आधी गच्चीत जाते. उन्हं नुकतीच आलेली असतात. सोबत स्वतःसाठी पाण्याचा ग्लास असतो, काचेचा, काठोकाठ. पूर्वी ती कसंही, उभ्या उभ्या प्यायची. हल्ली झाडाशेजारी बसून सावकाश पिते, चव कशी असते ते लक्षात ठेवायचा प्रयत्न करते, आणि प्रत्येक वेळी ग्लास संपतो तरी तिला ती सांगता येत नाही. रिकामा ग्लास हातात धरून ती त्या पांढऱ्या-गुलाबी फुलाकडे बघते आणि मनातल्या मनात, खिडकीजवळच्या खुर्चीला विचारावं तसं, विचारते: काका, पहिला ग्लास प्यालात का? कसा लागला?